शब्दकोड्यांनी मेंदू तल्लख राहतो का?

प्रश्न : मी मिरजेची निवृत्त शिक्षिका, वय 67. सकाळच्या चहाबरोबर शब्दकोडं सोडवतेच. सूनबाई म्हणते, "आई, याने मेंदू म्हातारा होत नाही." तरी शेजारणीचं नाव ऐन वेळी आठवत नाही. कोड्यांचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : ताई, सूनबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्कॉटलंडमध्ये 1947 साली, 1936मध्ये जन्मलेल्या बहुतेक सगळ्या शाळकरी मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. गुण जपून ठेवले गेले (आपल्याकडे रद्दीत गेले असते!). पुढे अॅबर्डीन आणि एडिंबरा विद्यापीठांनी त्यातली काही माणसं म्हातारपणी शोधून पुन्हा तपासली. अॅबर्डीनकडच्या 498 जणांचा अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभर डोकं चालवण्यात रमलेल्यांची बुद्धी उतारवयात वरच्या पातळीवर होती. पण घसरणीचा वेग मात्र कमी दिसला नाही. म्हणजे उंचावरून उतरायला लागलात, तर खाली पोचायला वेळ लागतो, एवढंच. मला तर हेही थोडं वाटत नाही.

नाव अडणं आणि तासाभराने आठवणं या वयात नेहमीचंच. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, पैशांचा हिशेब जमेना, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासलीत? आणि टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटतो का? वाटत असेल तर आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येण्याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे, आणि श्रवणयंत्र लावायला आपण उगाच लाजतो.