आधी मुलाचा जन्मदाखला काढा

"ताई, ब्रिस्बेनहून लिहितेय. मुलगा सत्तावीसचा, नोकरी उत्तम. आता म्हणतो, ग्रीन्सतर्फे सिनेटला उभा राहणार. एवढ्याशा पक्षात भविष्य काय? लग्नाचं तर नावच नको. इथे आलो तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता, जन्म न्यू जर्सीचा."

अहो, खरी काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलीत! अमेरिकेत जन्मला म्हणजे तो जन्माने अमेरिकन, तिथला पासपोर्ट काढलेला असो वा नसो. आणि ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचं कलम ४४ दुहेरी नागरिकाला संसदेत बसू देत नाही.

तुमच्याच क्वीन्सलँडच्या, ग्रीन्सच्याच सिनेटर लॅरिसा वॉटर्स बघा. आईवडील ऑस्ट्रेलियन, जन्म १९७७ चा, कॅनडातल्या विनिपेगमध्ये. अकरा महिन्यांच्या असताना घरी परतल्या. स्वतः काही हालचाल केल्याशिवाय आपण कॅनेडियन होत नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. मे २०१७ मध्ये सभागृहात तान्ह्या लेकीला अंगावर पाजलं, तेव्हा जगभर कौतुक झालं. जुलैत त्याच बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जन्मानंतर आठवड्याने कॅनडाचा कायदा बदलला होता, तो घरात कुणी तपासलाच नव्हता. चारच दिवस आधी त्यांच्याच पक्षाचे सिनेटर स्कॉट लडलम यांनी पद सोडलं, न्यूझीलंडच्या जन्मापायी.

आपलं, मोठ्यांचं सोपं असतं. इथले नागरिक झालो की भारताचं नागरिकत्व आपोआप जातं, आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, हे नागरिकत्व नव्हे. पण वाटेत तिसऱ्याच देशात झालेल्या लेकरांचं काय? माझी धाकटी टोरंटोची. तिला सरकारी नोकरीसाठी कागद लागले तेव्हा जन्मदाखला सापडला दिवाळीच्या रांगोळीच्या डब्यात, घडीवर फाटलेला. माझीच चूक. नवा मागवेपर्यंत पोरगी रोज पोस्टाची पेटी उघडून बघायची.

तेव्हा या शनिवारीच फाइल काढा. नागरिकत्व सोडायचं तर अमेरिकन वकिलातीत त्याला स्वतः जावं लागेल, आणि ते उमेदवारी अर्ज भरण्याआधी पुरं व्हायला हवं. निवडून आल्यावर बघू, हे चालत नाही. वकील गाठाच.

पक्ष लहान म्हणता? वॉटर्सबाई कॅनडाचं नागरिकत्व सोडून २०१८ मध्ये सिनेटवर परत आल्या, आणि २०२५ पासून त्याच पक्षाच्या नेत्या आहेत. लग्नाचं महिनाभर विचारू नका. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग मात्र पासपोर्टशी ताडून बघा, आमच्या धाकटीच्या आडनावात एक अक्षर जास्त निघालं होतं.