नवीन एआरएम लॅपटॉपवर डेव्हलपमेंटचं काम निभतं का, की इंटेलच घ्यावा?

लारावेल आणि नोडचे वेब प्रोजेक्ट, डॉकरच्या कंटेनरमध्ये मायएसक्यूएल ५.७ डेटाबेस, आणि अधूनमधून अंबडच्या कारखान्यात जाऊन पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, लॅपटॉप जोडायचा. एवढं सगळं एम-सिरीजच्या मॅकबुकवर किंवा स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपवर, म्हणजे इंटेलहून वेगळ्या एआरएम प्रोसेसरवर, होईल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन गोष्टींची काळजी सोडा. मेख तिसरीत आहे.

मीही नाशिकचाच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रोजचं काम मॅकवरच करतो. एडिटर, गिट, पीएचपी, पायथन सगळं थेट एआरएमवर चालतं. मॅकसाठी नोड १६ पासून आणि जावा १७ पासून अधिकृत एआरएम आवृत्ती आहे. नोड १४ वर अडकलेला जुना प्रोजेक्ट असेल तर तो रोझेटावर, म्हणजे इंटेलचे प्रोग्रॅम एआरएम मॅकवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीवर, चालवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ही कुबडी ॲपल काढून घेणार आहे: मॅकओएस २७ पर्यंत ती पूर्ण मिळेल, त्यानंतर काही जुन्या गेम्सपुरतीच. आणि हो, जुन्या लॅपटॉपवरचं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उचलून आणू नका. त्यात इंटेलसाठी कंपाइल झालेले तुकडे असतात. ते उडवा आणि पुन्हा इन्स्टॉल करा.

मायएसक्यूएल ५.७ च्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यातून उठतो त्या तयार पॅकेजमध्ये, एआरएम आवृत्तीच नाही, त्यामुळे ती ओढताना एरर येईल. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये प्लॅटफॉर्म एएमडी६४ (म्हणजे इंटेल-एएमडीचा) लिहिलं की चालते, पण रखडत. तसंही ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय. क्लायंटला या निमित्ताने ८.४ वर न्या. उलट बाजूही बघा: तुमच्या लॅपटॉपवर बनलेली इमेज एआरएमची असते. सर्व्हर इंटेलचा असेल तर तिथे ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन कंटेनर उठतच नाही, आणि नेमकं रिलीजच्या रात्री. बिल्ड करतानाच प्लॅटफॉर्म सांगा.

आता पीएलसी. विंडोज ११ मधलं प्रिझम इंटेलचे प्रोग्रॅम एआरएमवर चालवतं, आणि २४एच२ या अपडेटपासून ते बऱ्यापैकी वेगवानही झालंय. पण चालवतं ते फक्त प्रोग्रॅम. ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो, तो एआरएमसाठीच बनलेला लागतो. म्हणजे सॉफ्टवेअर उघडेल, प्रोग्रॅम दिसेल, आणि केबल जोडली की पोर्टच सापडणार नाही. लायसन्सच्या डोंगलचंही, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणाऱ्या यूएसबी चावीचंही, तेच. काही यूएसबी-सिरियल केबलींचे एआरएम ड्रायव्हर मिळतात, पण दहा-बारा वर्षं जुन्या मशीनच्या केबलीसाठी ते कोण लिहीत बसणार? मॅकवर व्हर्च्युअल मशीन टाकून सुटका होईल असंही नाही, कारण आत चालणारं विंडोजही एआरएमचंच असतं. यूटीएमसारख्या एम्युलेटरमधून इंटेलचं विंडोज चालवता येतं, पण इतकं संथ की शॉप फ्लोअरवर लाइन थांबवून सुपरवायझर शेजारी उभा असताना ते उघडायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून माझं मत असं: कारखान्याचं काम महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी असेल तर मॅकबुक घ्या आणि सध्याचा इंटेल लॅपटॉप विकू नका, त्याची जागा बॅगेत. रॅम किमान १६ जीबी, कारण मॅकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही आणि डॉकर खायला कमी नाही. लॅपटॉप एकच ठेवायचा असेल तर सरळ इंटेल किंवा एएमडीचा विंडोज घ्या. स्नॅपड्रॅगनचा मोह होत असेल तर तुमची केबल आणि डोंगल घेऊनच दुकानात जा. ‘सगळं चालतं का’ असं विचारलं तर दुकानदार हो म्हणणारच. ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या, डेमो पीसवर टाकू देतील का ते विचारा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.