टेस्ट पायलट निडर असतात, म्हणूनच त्यांना अंतराळवीर करतात का?

तुम्ही विचारलंय की टेस्ट पायलटना मरणाची भीती वाटत नाही, म्हणून अंतराळवीर निवडताना त्यांना पसंती मिळते का. माझं उत्तर: नाही. भीती न वाटणारा टेस्ट पायलट फार दिवस टिकत नाही, आणि टिकला तरी त्याचा कुणाला उपयोग होत नाही.

अमेरिकेने पहिले अंतराळवीर निवडले १९५९ मध्ये. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सांगितलं, फक्त लष्करी टेस्ट पायलट घ्या. अटी अशा: वय ४० च्या आत, उंची ५ फूट ११ इंचांपर्यंत (यान तेवढंच होतं!), टेस्ट पायलट स्कूल पूर्ण केलेलं, इंजिनिअरिंगची किंवा त्या तोडीची पदवी आणि १५०० तासांचं उड्डाण. या यादीत शौर्यपदक कुठेच नाही, पदवी मात्र आहे. उलट अंतराळात गेलेला पहिला माणूस, सोव्हिएत संघाचा युरी गागारिन, टेस्ट पायलट नव्हता, फायटर पायलट होता. त्याचं वोस्तोक यान बहुतेक आपोआपच चालणार होतं. आपल्या गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. राकेश शर्मांना आपण सगळे १९८४ च्या उड्डाणासाठी ओळखतो, पण पुढे ते आमच्या नाशिकजवळ ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत मुख्य टेस्ट पायलट होते, हे नाशिककरांनाही सांगावं लागतं.

या लोकांचं काम नेमकं काय असतं? नवीन विमान कागदावर अमुक वेगाला, अमुक उंचीवर नीट चालेल असं म्हटलेलं असतं. पायलट ते थोडं थोडं करून हवेत तपासतो. मांडीला बांधलेल्या टेस्ट कार्डावर त्या दिवसाच्या चाचण्या क्रमाने लिहिलेल्या असतात. एक झाली की आकडे टिपायचे, मग पुढची. विमान अचानक थरथरायला लागलं तर सावरायचं तर आहेच, पण कितव्या वेगाला, कुठल्या बाजूने, किती वेळ थरथरलं हेही खाली येऊन इंजिनिअरला सांगायचं. बराचसा दिवस कागदपत्रांत आणि बैठकांत जातो. सिनेमात हे दिसत नाही.

या जातीचा अस्सल नमुना म्हणजे जॉन यंग. आर्मस्ट्राँगच्या नावाखाली झाकला गेलेला माणूस. जॉर्जिया टेकचा एरोनॉटिकल इंजिनिअर, मग नौदल, मग पॅटक्सेंट रिव्हर या नौदलाच्या चाचणी तळावर टेस्ट पायलट. १९६२ मध्ये त्याने फँटम विमान जमिनीपासून ३००० मीटरवर साडेचौतीस सेकंदांत नेऊन विक्रम केला आणि त्याच वर्षी नासात गेला. १९६५ मध्ये जेमिनी ३ मधून पहिल्यांदा अंतराळात गेला तेव्हा खिशात लपवून कॉर्न्ड बीफचं सँडविच घेऊन गेला. सोबतच्या ग्रिसमने एक घास घेतला, ब्रेडचा चुरा यानात तरंगायला लागला, सँडविच पुन्हा खिशात. प्रकरण थेट अमेरिकन संसदेत गाजलं. १९७२ मध्ये तो अपोलो १६ घेऊन चंद्रावर उतरला. तिथे डॉक्टरांनी पोटॅशियम घातलेला संत्र्याचा रस पिऊन पोटात किती गॅस झालाय याचं रसभरीत वर्णन त्याने केलं आणि माइक चालू असल्यामुळे ते साऱ्या जगाने ऐकलं. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, क्षमस्व.

पण त्याच्यातला टेस्ट पायलट खरा दिसतो तो १२ एप्रिल १९८१ ला. स्पेस शटल कोलंबियाचं पहिलं उड्डाण, यंग आणि बॉब क्रिपेन असे दोघेच. त्याआधीची अमेरिकेची याने आधी माणसाविना उडवून पाहिली होती. शटल मात्र पहिल्याच प्रक्षेपणाला माणसं बसवून सोडलं. उष्णतेपासून वाचवायला बाहेरून तीस हजारांहून जास्त टाइल्स चिकटवलेल्या, आणि संकटात बाहेर पडायला फायटर विमानासारख्या इजेक्शन सीट. उड्डाणाच्या वेळी क्रिपेनच्या नाडीचे ठोके १३० वर गेले, यंगचे ९० च्या आसपास राहिले. यावर यंगचं म्हणणं असं की मीही उत्तेजित होतोच, माझ्या हृदयाला याहून जोरात पळता येत नव्हतं इतकंच.

नंतर कळलं की बूस्टर रॉकेटं पेटताना उठलेल्या दाबाच्या लाटेने शटलच्या शेपटीकडची बॉडी फ्लॅप नावाची झडप मर्यादेबाहेर वाकली होती. हे मला वर कळलं असतं तर सुरक्षित उंचीवर नेऊन आम्ही इजेक्ट केलं असतं, असं यंग म्हणाल्याचं सांगतात. निडर माणूस हे बोलला नसता. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर उतरल्यावर तो जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत खाली आला आणि पहिल्यांदा यानाच्या पोटाखाली शिरून चाकं आणि टाइल्स बघत फिरला.

अडीचेक वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, तो पुन्हा कोलंबियाचा कमांडर होता. परतीच्या तयारीत असताना एक मुख्य संगणक बंद पडला, काही मिनिटांत दुसरा. पहिल्या वेळी गुडघे थरथरायला लागले आणि दुसऱ्या वेळी आपली जेली झाली, असं त्याने स्वतःच सांगितलंय. अशा वेळी हात शिवशिवतात, काहीतरी बटण दाबावंसं वाटतं. त्यांनी घाईने काही केलं नाही. उतरणं सुमारे आठ तास पुढे ढकललं, जमिनीवरच्या लोकांशी बोलून एक संगणक पुन्हा सुरू केला आणि मग खाली आले. उतरताना शेपटीकडे आग लागली होती, तीही नंतर कळली. तुमच्या प्रश्नातल्या भीतीचं उत्तर मला इथे सापडतं: भीती वाटली, पण ती बोटांपर्यंत पोहोचू दिली नाही.

१९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर हे शटल उड्डाणातच फुटलं. यंग तेव्हा अंतराळवीरांच्या कार्यालयाचा प्रमुख होता. वेळापत्रकाच्या दबावाखाली सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होतंय असं त्याने मेमोंमधून खरमरीत लिहिलं आणि ते मेमो वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले. १९८७ मध्ये त्याला त्या पदावरून हलवून जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये तांत्रिक सल्लागार केलं. हबल दुर्बीण घेऊन जाणाऱ्या मोहिमेचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. अपघातामुळे ती लांबली आणि १९९० मध्ये दुसऱ्यांनी नेली. सहा उड्डाणं झालेला हा माणूस पुन्हा अंतराळात गेला नाही. पण २००४ अखेर निवृत्त होईपर्यंत नासातच राहिला, आणि यानात काय काय बिघडू शकतं याचे मेमो लिहीतच राहिला.