कॉलेज संपल्यावर दोन महानगरांपैकी राहायला कोणतं निवडावं?

पहिल्या नोकरीपेक्षा दुसरीचा विचार आधी करा. पहिली सुटली, तर बिऱ्हाड न हलवता तुमच्या क्षेत्रातलं दुसरं काम त्याच शहरात मिळेल का? माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. नुसत्या पगाराच्या आकड्यावर जाऊ नका. भाडं आणि प्रवासखर्च वजा जाता हातात काय उरतं ते बघा. वेळही मोजा. जायला दीड तास, यायला दीड तास, म्हणजे महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 66 तास रस्त्यातच गेले! जमलं तर दोन्हीकडे चार-चार दिवस राहून या, पण सुट्टीत नको. ऐन गर्दीच्या वेळी ऑफिसपर्यंत जाऊन बघा. आणि हो, आजारपणात धावून येईल असं एखादं माणूस जिथे असेल, त्या शहराला मी तरी झुकतं माप देईन.