वाचकांचे प्रश्न : इंदूर, ग्वाल्हेर आणि उरलेले राज्य

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची होती : आपल्या मध्य प्रदेशातल्या निरनिराळ्या भागांत, आणि त्यांतल्या मराठी माणसांतही, चालत आलेली चढाओढ. म्हणून हे सदर त्या एका विषयाला दिले आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे गाळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे माहेर ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले, आणि सासर इंदूरचे. लग्नाला बरीच वर्षे झाली, पण घरात मतभेद झाला की "तुम्ही शिंद्यांकडचे" हे अजून ऐकावे लागते, आणि आता माझी मुलगीही तेच बोलू लागली आहे. शिंदे-होळकरांत खरोखर एवढे वैर होते का? (इंदूर)

उत्तर : वैर होते, आणि ते भयंकर होते. थोरल्या बाजीरावांनी राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आणि पवार बंधू यांना माळव्यात उभे केले तेव्हा वसुलीच्या वाटण्याही ठरल्या, आणि वाटणी आली तिथे कुरबुर आली. तिचे उघड युद्धात रूपांतर १७९३ साली लाखेरीला झाले, जिथे महादजींच्या कवायती फौजेने तुकोजी होळकरांचा पराभव केला. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. पुढल्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हेच भांडण पुण्याच्या वेशीवर हडपसरला लढले गेले. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसईच्या तहावर सही केली. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत होते तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये होळकर लढायला उतरले तेव्हा शिंदे त्यांच्या मदतीला आले नाहीत. दोघांनीही आपापले राज्य इंग्रजांच्या अटींवर वाचवले. या वैरात जिंकलेला पक्ष दोघांपैकी कोणताच नव्हता, हे आपल्या मुलीला जरूर सांगावे.

पण आज घरोघरी जी भाषा ऐकू येते, ती त्या युद्धांतून थेट आलेली आहे असे मला वाटत नाही. त्याचा पुरावा इंदूरच्या अगदी जवळ आहे. उज्जैन इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि ते ग्वाल्हेर संस्थानात होते. दौलतरावांनी १८१० मध्ये लष्करला बस्तान हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानीच तिथे होती. मंदसौर, नीमच, शाजापूर हेही शिंद्यांचेच मुलूख. मधेच रामपुरा-भानपुरा आणि महिदपूर होळकरांचे, शेजारी धार पवारांचे, आणि देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. आज उज्जैनचा किंवा मंदसौरचा माणूस स्वतःला निःशंकपणे माळव्याचा म्हणवतो, इंदूरला आपले मोठे शहर मानतो, आणि त्याचे पणजोबा शिंद्यांची रयत होते याची त्याला आठवणही नसते. वैर जर रक्तात उतरणारे असते, तर ते उज्जैनमध्ये सर्वांत आधी दिसले असते.

आपल्या सासरच्या मंडळींच्या बोलण्यात इतिहासापेक्षा दोन संस्थानी शहरांतल्या राहणीचा फरक अधिक आहे, असे माझे निरीक्षण आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दरबारी रीतिभातीचा आणि लष्करी शिस्तीचा ठसा आहे, आसपासची बोली ब्रज-बुंदेलीच्या अंगाची आहे, आणि शहराचे तोंड आग्रा-दिल्लीकडे आहे. इंदूर व्यापारी पेठेचे गाव. त्याचे तोंड मुंबईकडे, बोली माळवी, आणि बोलणे मोकळे. दोन्हीकडचे वळण लाभलेली मुलगी श्रीमंत असते, आणि हे तिला आपणच सांगू शकता. थट्टा एकदा-दोनदा गोड लागते. ती जर आपल्याला प्रत्येक मतभेदाच्या वेळी ऐकावी लागत असेल, तर ती थट्टा उरलेली नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती स्वतःहून थांबवली पाहिजे.

प्रश्न : १९४८ पूर्वी ग्वाल्हेर हे मध्य भारतातले सर्वांत मोठे संस्थान होते. आज उद्योग, शिक्षणसंस्था, विमाने, सगळे इंदूरला. राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरवर अन्याय झाला असे आपण प्रांजळपणे मान्य कराल का? (ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. राजधानीचा निर्णय सरकारने घेतला; इंदूरची वाढ प्रामुख्याने बाजाराने घडवली.

राजधानीची गोष्ट अशी. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्याची स्थापना झाली तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर ही दोन मोठी संस्थाने आणि भोवतालची लहान संस्थाने एकत्र आली. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी असलेले प्रमुख, झाले आणि दुसरे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी कोणती यावर एकमत होईना, म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी तोड काढण्यात आली. फायली, कारकून आणि त्यांचे संसार वर्षातून दोनदा सुमारे ५०० किलोमीटर आग्रा-मुंबई रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ ग्वाल्हेरला आणि खंडपीठ इंदूरला राहिले. दोन्ही शहरांचा मान राखण्यासाठी राज्याने किती खर्च आणि किती गैरसोय पत्करली, हे पाहिले म्हणजे त्या काळातल्या भावनांची धग समजते.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशातले हिंदी जिल्हे मिळून नवे राज्य झाले, आणि राजधानीचा मान भोपाळला गेला. ज्यांनी आठ वर्षे एकमेकांशी राजधानीसाठी झगडा केला, त्या दोघांच्याही हातून ती गेली. मग खात्यांची वाटणी झाली : उच्च न्यायालय आणि वीज मंडळ जबलपूरला, राजस्व मंडळ, परिवहन आणि आबकारीची मुख्यालये ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. १९६४ साली विद्यापीठेही दोन्ही शहरांना एकाच वर्षी मिळाली. अशा वाटणीमुळे रुसवे शमतात, पण साध्या नागरिकाला एका कामासाठी चार शहरे करावी लागतात, आणि ती किंमत आपण सारे अजून मोजतो आहोत. तेव्हा सरकारी पातळीवर ग्वाल्हेरला वगळले गेले, असे मला म्हणता येत नाही. राजकीय वजनही ग्वाल्हेरकडे कमी नव्हते. १९६७ साली द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार पडले ते राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने.

इंदूर पुढे गेले त्याची कारणे वेगळी आहेत. माळव्याच्या काळ्या जमिनीतला कापूस आणि एकेकाळची अफू यांच्या व्यापारावर इथली सराफी पेढी पोसली गेली, मुंबईच्या बाजाराशी तिचे नाते जुळले, आणि पुढे शेजारच्या धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली तेव्हा तिला लागणारे भांडवल, दलाल, वाहतूकदार आणि कारागीर इंदुरात तयारच होते. चंबळच्या खोऱ्यात मात्र दरोडेखोरीने कित्येक वर्षे गुंतवणूकदारांना धास्ती घातली होती. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांसमोर जौरा येथे दरोडेखोरांनी जी शस्त्रे खाली ठेवली, त्याआधीचा काळ आपल्याकडच्या ज्येष्ठांना आठवत असेल.

आणि एक दुःख दोघांचे सारखे आहे, त्याचा उल्लेख आपल्या पत्रात हवा होता. ग्वाल्हेरची जियाजीराव कॉटन मिल आणि इंदूरची हुकुमचंद मिल, दोन्ही नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडल्या. हुकुमचंदच्या कामगारांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी तीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि त्यांतले कितीतरी जण ती वाट पाहतच गेले. बिर्लानगरच्या आणि परदेशीपुऱ्याच्या चाळींत त्या काळात काय घडले, याची नोंद करायला दोन्ही शहरांतल्या मराठी लेखकांनी एकत्र बसावे, असे मला मनापासून वाटते. त्या चाळींत मराठी कुटुंबेही होतीच.

प्रश्न : क्रिकेटमध्ये कोणते शहर मोठे, एवढेच सांगावे. पैज लागली आहे. (देवास)

उत्तर : होळकरांच्या संघाने सी. के. नायडूंच्या काळात १९४५-४६ ते १९५२-५३ या दरम्यान चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्यामुळे वारसा इंदूरचा. पण पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक सचिन तेंडुलकर यांनी २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या रूपसिंह मैदानावर केले, आणि वीरेंद्र सेहवाग यांनी ८ डिसेंबर २०११ रोजी इंदुरात २१९ धावा केल्या. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक मिळवला तेव्हा सगळ्या राज्याने एकत्र जल्लोष केला. पैज अनिर्णित समजावी.

प्रश्न : तुम्ही माळव्याचे आणि ग्वाल्हेरचे लोक मध्य प्रदेश म्हणजे तुमची दोन संस्थाने असेच बोलता. आम्ही जबलपूरचे मराठी कुठे आहोत? (जबलपूर)

उत्तर : आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या राज्याची राजधानी म्हणून जबलपूरचे नाव सुचवले होते, तरी निवड भोपाळची झाली, आणि त्याचा सल महाकोशलात, म्हणजे जबलपूरच्या भागात, अजून आहे. रीवा तर १९५६ पर्यंत विंध्य प्रदेशाची राजधानी होते. एका दिवसात ते इतर शहरांसारखे एक शहर झाले, आणि वेगळ्या विंध्याची मागणी तेव्हापासून पुनःपुन्हा उठते. बुंदेलखंडाची मागणी तशीच. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे झाले, आणि त्या नव्या राज्यानेही राजधानी रायपूरला आणि उच्च न्यायालय बिलासपूरला देऊन जुनीच रीत चालवली. राज्य लहान केल्याने चढाओढ संपते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

मराठी माणसांची गोष्टही आपण म्हणता तशीच आहे. जबलपूर भोसल्यांच्या सत्तेखाली होते आणि आपली नजर नागपूरकडे, इंदूरची पुण्या-मुंबईकडे, सागरमध्ये गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून आलेली घराणी आहेत आणि त्यांच्या बोलण्यात बुंदेली इतकी मुरली आहे की पुण्याचा पाहुणा चकित होतो. या सगळ्यांना "मध्य प्रदेशातले मराठी" असे एक नाव दिले, तरी सणवार, पाककृती आणि भाषेचे वळण एक होत नाही, आणि ते एक व्हावे अशी माझी इच्छाही नाही.

मात्र आपल्या पत्रातूनही एक नाव सुटले आहे. या राज्यात पाचव्या हिश्श्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. इंदूरच्या इमारती बांधायला झाबुआ आणि अलीराजपूरचे भिल मजूर येतात आणि रस्त्याच्या कडेला पालात राहतात. माळवा मोठा की महाकोशल, या वादात त्यांना कोणी विचारलेले नाही, आणि राजधानी कुठे असावी हेही त्यांना कधी कोणी विचारले नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाने इंदूर आणि ग्वाल्हेर येथे आलटून-पालटून संयुक्त संमेलन घेण्याचे ठरवले, पण पहिले कुठे यावरून वाद झाला. ग्वाल्हेरकर गाणे आणतील आणि आम्ही नाटक, हेही काहींना मान्य नाही. काय करावे? (इंदूर)

उत्तर : गाणे ग्वाल्हेरचे आणि नाटक इंदूरचे, ही वाटणी मुळातच टिकणारी नाही. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यांच्याकडून ती विष्णु दिगंबर पलुस्करांकडे, त्यांच्याकडून बी. आर. देवधरांकडे गेली, आणि देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व बेळगावकडचे असूनही १९४८ मध्ये देवासला राहायला आले व माळवी लोकगीतांत रमले. म्हणजे ग्वाल्हेरचे गाणे महाराष्ट्राचा लांबचा वळसा घेऊन माळव्यात पोहोचले. त्या गाण्यावर कोणत्या शहराची पाटी लावणार?

पहिले कुठे, या वादावर माझा सल्ला असा की पहिले दोघांकडेही नको. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६१ मध्ये ग्वाल्हेरला भरले, तेव्हा कुसुमावती देशपांडे पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या, आणि २००१ मध्ये ते इंदुरात विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दोन्ही शहरांचा मान झालेला आहे. याउलट सौंसर, पांढुर्णा आणि मुलताईच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा राखणारी, घरात आणि बाजारात मराठी बोलणारी शेतकरी माणसे पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांना कोणत्याही दरबाराने इथे आणलेले नाही. १९५६ च्या सीमेने ती या राज्यात राहिली. पांढुर्णा तर २०२३ मध्ये जिल्हाही झाला. बुऱ्हाणपूरच्या बाजूला खानदेशाशी जोडलेली मराठी वस्ती आहे. आमच्या दोन्ही शहरांतल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत या गावांची नावे मला फारशी दिसत नाहीत, आणि हे मला इंदूर-ग्वाल्हेरच्या वादापेक्षा अधिक खुपते. एक मराठी माणूस दुसऱ्याला "तुमची भाषा शुद्ध नाही" असे म्हणून बाहेर ठेवतो, हीही फूटच आहे.

तेव्हा पहिले संमेलन पांढुर्ण्याला घ्यावे, यजमानपद तिथल्या लोकांकडे द्यावे, आणि इंदूरकर व ग्वाल्हेरकरांनी वर्गणी, प्रवास आणि जेवणाची व्यवस्था निम्मी-निम्मी वाटून घ्यावी. बोलीतल्या कथाकथनाला एक पूर्ण सत्र द्यावे आणि त्याचे अध्यक्षस्थान पाहुण्यांपैकी कोणी मागू नये. तारीख ठरवताना संत्र्याच्या तोडणीचे दिवस टाळावेत, नाहीतर ज्यांच्यासाठी जायचे तेच बागेत अडकलेले असतील.