तिकिटावरचे तास, विमानातले तास

प्रश्न : मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे आठ तास. मुलीच्या जूनच्या तिकिटावर मात्र जाताना रात्री 2 ला सुटून सकाळी 7 ला पोचणार, आणि येताना सकाळी 10 ते रात्री 11.30! नेमके किती तास धरायचे?
— वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. आधी लंडनची वेळ आपल्या वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. जूनमध्ये लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथले सकाळचे 7 म्हणजे आपले 11.30, म्हणून जायला साडेनऊ तास. तिथले 10 म्हणजे आपले दुपारचे 2.30, म्हणून यायला नऊ. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं असेल तर साडेपाच तासांचा फरक धरा. ब्रिटनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. विमानतळावर आणायला जाणाऱ्यांची गडबड बहुतेक वेळा इथेच होते.

आता तुमचे आठ तास वाढले कुठे? 7,200 हे पृथ्वीच्या गोलाईवरचं कमीत कमी अंतर. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा भारतीय विमानांना वळसा पडला, परदेशी कंपन्यांवर ही बंदी नव्हती. म्हणून बुक करताना दोन कंपन्यांचा कालावधी ताडून बघाच. शिवाय 9 ते 12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोराने. समोरून सरासरी 50 चा वारा लागला तरी 900 चे 850 होतात आणि आठाचे साडेआठ तास. येताना तोच वारा पाठीशी असतो. त्यात भर धावपट्टीपर्यंतच्या रांगेची, विमानाच्या चढण्या-उतरण्याची. हेही तिकिटाच्या वेळेत धरलेलं असतं.

प्रश्न : न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला, मग नकाशावर सर्वांत जवळचा मार्ग इतका उत्तरेकडून का दाखवतात?
— वाचक, ऐरोली

उत्तर : सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून दाखवतो. घरातला 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईवर दोऱ्याचं टोक दाबून दुसरं न्यूयॉर्कला घट्ट ताणा. दोरा आपोआप नॉर्वेवरून, आइसलँडजवळून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी जातो. गोलाचा परीघ सुमारे 94 सेंटिमीटर, म्हणजे 1 सेंटिमीटरला साधारण 425 किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस भरला पाहिजे, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. अर्धा सेंटिमीटर सैल सुटला की दोनशे किलोमीटर वाढलेच.

प्रश्न : नवी मुंबई विमानतळावरून उडालं तर वेळ वाचेल का?
— वाचक, खारघर

उत्तर : हवेत नाही. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर. वाचेल तो रस्त्यावरचा वेळ. फक्त तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे टॅक्सी बोलावण्याआधी वाचा.