रेशनकार्डावरची सत्ता

आर्थिक निर्बंध आणि नाकेबंदी यांचा सामान्य माणसावर काय परिणाम होतो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच आज घेते.

प्रश्न : निर्बंध तर सरकारवर लादतात. मग ते सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचतात कसे? (सातारा)

इराकचे उदाहरण घ्या. सद्दाम हुसेनच्या सैन्याने 2 ऑगस्ट 1990 रोजी कुवेत बळकावले आणि चारच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 661 क्रमांकाच्या ठरावाने इराकचा जवळपास सगळा व्यापार थांबवला. इराक हा तेल विकून धान्य विकत घेणारा देश. तेल विकता येईना, तेव्हा सरकारने नोटा छापायला सुरुवात केली. पूर्वी अधिकृत दराने एका दिनारला सुमारे 3 डॉलर मिळत; 1995 संपता संपता बाजारात एका डॉलरसाठी हजारो दिनार मोजावे लागत होते. शिक्षकाचा महिन्याचा पगार जेमतेम काही डॉलरांवर आला. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर सुशिक्षितांनी घरची पुस्तके विकायला मांडली. कुवेत सोडवण्यासाठी झालेल्या 1991च्या युद्धात वीजकेंद्रे बॉम्बहल्ल्यांत गेली होती, दुरुस्तीचे सुटे भाग परवानगीत अडकत होते, आणि वीज नाही म्हणजे पाणी शुद्ध करायचीही सोय नाही. नळाला आलेले घाण पाणी पिऊन आजारी पडली ती लहान मुले.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रेशनची गोष्ट. सप्टेंबर 1990 पासून इराक सरकार घरोघर पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल देऊ लागले. त्या रेशनने अनेकांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. पण त्याचबरोबर प्रत्येक कुटुंब महिन्याच्या महिन्याला सरकारच्या दारात उभे राहिले. ज्याला दुबळे करायचे होते, त्याच्याच हाती लोकांच्या ताटातला घास गेला. पुढे ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेचा ठराव 1995 मध्ये झाला, पण तिचे पहिले धान्य पोहोचायला मार्च 1997 उजाडले. या योजनेची इराकमधली जबाबदारी सांभाळणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे 1998 मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक 2000 मध्ये, निर्बंधांचा निषेध म्हणून पद सोडून गेले.

प्रश्न : निर्बंधांमुळे इराकमध्ये 5 लाख मुले दगावली, असे वाचले. खरे आहे का? (अकोला)

हा आकडा वापरू नका. तो प्रामुख्याने 1999च्या एका पाहणीवर उभा आहे आणि मध्य व दक्षिण इराकमधली ती पाहणी सद्दामच्या सरकारच्या सहकार्याने झाली होती. 2003 नंतरच्या पाहण्यांत बालमृत्यूंमधली तशी प्रचंड वाढ दिसली नाही. लोकांचे हाल मात्र खरे होते. ते सांगायला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. उलट आकडा खोटा ठरला की हालही खोटेच होते, असे म्हणायला लोक मोकळे होतात.

प्रश्न : औषधांना निर्बंधांतून सूट असते म्हणतात. मग इराणमध्ये औषधे का मिळेनात? (ठाणे)

सूट कागदावर असते, पैसे बँकेतून जावे लागतात. अमेरिकेने 2014 मध्ये एका मोठ्या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाशी व्यवहार केल्याबद्दल जवळपास 900 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्यानंतर कोणता बँक अधिकारी इराणी रुग्णालयाच्या छोट्याशा बिलासाठी जोखीम घेईल? 2018 मध्ये अमेरिका इराणशी झालेल्या अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत आले, तेव्हा नेमके हेच झाले. इराण आपली बरीचशी साधी औषधे स्वतः बनवतो, पण कच्चा माल आणि दुर्मीळ आजारांची औषधे बाहेरून येतात. एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारात नुसत्या घर्षणाने कातडी सोलवटते. अशा मुलांच्या जखमांवर लावायच्या खास पट्ट्या युरोपातून येत, त्याही मिळेनाशा झाल्या. औषधे आणि अन्नाची वाट मोकळी करा, असा आदेश आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकेला दिला. बँकांची भीती त्याने गेली नाही. मला याचा अजूनही संताप येतो.

पुण्यात शिकायला आलेल्या इराणी मुलांनाही हा मार बसला. 2018च्या सुरुवातीला खुल्या बाजारात डॉलर सुमारे 45 हजार रियालला होता, सप्टेंबरअखेर तो दीड लाखाच्या पुढे गेला. फी तेवढीच, पण वडिलांच्या पगाराची किंमत एक तृतीयांशाहून कमी.

प्रश्न : म्हणजे निर्बंध कधीच लावू नयेत? (बेळगाव)

असे मी म्हणणार नाही. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, 1946 मध्ये. तिथल्या कृष्णवर्णीयांची चळवळच जगाला सांगत होती की आमच्यावर बहिष्कार घाला. ज्यांना झळ बसणार, तेच ती मागत असतील तर गोष्ट वेगळी. इराकी आईला कोणी विचारले नव्हते.

प्रश्न : आजी सांगते, पोर्तुगीज राजवटीत गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे. भारताची नाकेबंदी मग फसली का? (मडगाव)

आजी बरोबर सांगतात. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवा मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, पैसे पाठवण्यावर बंधने आली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने समुद्राकडची बाजू वापरली. बटाटे नेदरलँड्सहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आले. दाबोळीला विमानतळ झाला. गोव्याचे लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानला जात होते आणि खाणमालकांची भरभराट झाली. म्हणजे राजवट नाकेबंदीने हलली नाही. 1961च्या डिसेंबरात सैन्य जावे लागले.

झळ बसली ती मनीऑर्डरवर जगणाऱ्या घरांना. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावोगावच्या ‘कुडी’ म्हणजे सामाईक राहण्याच्या जागा होत्या. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे राहायचे आणि त्यांच्या कमाईवर गावाकडची चूल पेटायची. आजींना बटाटे आठवतात, तर हेही विचारून पाहा : मुंबईहून घरी पैसे कोण पाठवायचे, आणि ते येईनासे झाले तेव्हा घर कशावर चालले? काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.